दुसरी जांघही दुखतेय, पण सांगू कसं?

परभणी जिल्ह्यात सासर असलेल्या २६ वर्षांच्या एका ताईंचं पत्र आहे. पहिलं बाळंतपण, माहेरी. आठव्या महिन्यात डाव्या जांघेत कळ सुरू झाली. 'बाळाचं डोकं खाली सरकलंय, दुखायचंच,' असं सगळ्यांनी सांगितलं. बाळंतपण नीट पार पडलं, दुखणं मात्र थांबलं नाही. बारसं झाल्यावर चार दिवसांनी बाजेवरून उठताना जांघेत चमक निघाली आणि पाय टेकवेना. तालुक्याला फोटो काढला, त्यात काही दिसलं नाही. नस आखडली असेल म्हणून मालीश चालू राहिली. पंधरवड्यानं शहरात एमआरआय झाला, तेव्हा खुब्याच्या हाडाच्या मानेला, म्हणजे सांध्यातल्या गोळ्याखालच्या अरुंद भागाला, चीर गेल्याचं समजलं. 'हाडांचा तात्पुरता ठिसूळपणा' असं निदान झालं आणि तीन स्क्रू बसवून ऑपरेशन केलं.

आता बाळ चार महिन्यांचं आहे आणि ताई काठी घेऊन चालतात. सासूबाई म्हणतात, 'हाडं आधीपासूनच पोकळ होती, माहेरच्यांनी लपवलं.' अंगावरचं दूध तोडायचा त्यांचा आग्रह आहे. शेजारपाजारचे म्हणतात, दुखणं तात्पुरतं होतं तर ऑपरेशन कशाला केलं, उगाच कर्ज झालं. दुसरं मूल होऊ द्यायचं की नाही, यावर नवरा काहीच बोलत नाही. आणि पत्राच्या अगदी शेवटी त्या लिहितात, 'दोन आठवड्यांपासून उजवी जांघही दुखतेय. एवढा खर्च झाल्यावर आता पुन्हा दुखतंय म्हणायला तोंड नाही.'

ताई,

तुमच्या शेवटच्या ओळीपासून सुरुवात करते, कारण बाकीचं सगळं महिनाभर थांबलं तरी चालेल, ते मात्र थांबणार नाही. पत्र वाचलं त्याच दिवशी तुम्हाला फोनवर हे सांगितलं आहे. इथे पुन्हा लिहिते ते तुमच्यासारख्याच कुणीतरी घरात गप्प बसलेली असेल म्हणून.

ज्या डॉक्टरांनी ऑपरेशन केलं त्यांच्याकडे याच आठवड्यात जा आणि उजव्या खुब्याचा एमआरआय करायचा का, हे थेट विचारा. जाईपर्यंत काठी बाजूला ठेवून पुन्हा वॉकर घ्या, लागेल तेवढंच चाला, जमिनीवर बसू नका, बाळाला उचलून फिरू नका. बाळ कुणीतरी तुमच्या मांडीवर आणून द्यावं. हा आजार काहींना एका बाजूनंतर दुसऱ्या बाजूलाही होतो. शिवाय डावा पाय सांभाळताना गेले तीन महिने अंगाचा बराचसा भार उजव्यावर आला आहे. कदाचित स्नायूच थकले असतील आणि रिपोर्ट अगदी साफ येईल. तसं झालं तर उत्तमच. पण ते तपासून ठरू दे, घरच्यांच्या अंदाजानं नको. डाव्या खुब्यात स्क्रू आहेत म्हणून उजव्याचा एमआरआय होत नाही, असं कुणी म्हटलं तर घाबरू नका. आजकालचे बहुतेक स्क्रू एमआरआयला चालतात. ऑपरेशनचा कागद सोबत न्या आणि तंत्रज्ञाला आधीच दाखवा.

आता 'तोंड नाही' याविषयी. डावा पाय दुखत होता तेव्हा तुम्ही आठव्या महिन्यापासून सांगत होतात. तुमचं ऐकून त्या वेळी वॉकर दिला असता, तर हाडाला चीर जायची वेळ कदाचित आलीच नसती. म्हणजे खर्च झाला तो सांगितल्यामुळे नाही, सांगितलेलं कुणी मनावर न घेतल्यामुळे. मग या खेपेला गप्प राहून पैसे वाचतील, हा हिशेब कुठून आला? वेळेवर कळलं तर या आजाराचा उपचार म्हणजे वॉकर, विश्रांती, साध्या वेदनाशामक गोळ्या आणि काही महिन्यांचा धीर. उशिरा कळलं तर ऑपरेशन. पैशाच्या भाषेत बोलायचं असेल तर सासऱ्यांना हे असंच सांगा.

सासूबाईंचा संशय समजण्यासारखा आहे. धडधाकट सून माहेरी गेली आणि तिथे वॉकरवर आली, तर कुणालाही प्रश्न पडेल. पण त्यांचं उत्तर चुकलं आहे. कर्टिस आणि किनकेड या दोन अमेरिकी डॉक्टरांनी १९५९ साली या आजाराची पहिली नोंद केली, ती गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांतल्या तीन बायकांची होती. तेव्हापासून जगभर हाच नमुना दिसत आला आहे: आधी ठणठणीत असलेली बाई, शेवटची तिमाही, एका जांघेत हळूहळू वाढणारी कळ. बायकांइतकाच, किंबहुना जास्तच, तो चाळिशी-पन्नाशीतल्या पुरुषांमध्ये आढळतो. त्यांना तर बाळंतपण नसतं आणि माहेरही नसतं. खुब्याच्या हाडातला मगज सुजतो, त्या भागातला चुना तात्पुरता कमी होतो आणि साधारण सहा महिने ते वर्षभरात हाड आपलं आपण भरून येतं. यात लपवण्यासारखं काही नव्हतं, कारण लग्नाच्या वेळी असं काही नव्हतंच.

'तात्पुरतं होतं तर ऑपरेशन कशाला' हा शेजाऱ्यांचा प्रश्न मात्र नीट उलगडून सांगते. हा आजार ज्या घरात येतो त्या प्रत्येक घरात तो विचारला जातो. ठिसूळपणा तात्पुरता असतो, हे खरं. पण त्या काळात हाड मोडलं तर मोडलेलं हाड तात्पुरतं नसतं. खुब्याच्या गोळ्याला रक्त पुरवणाऱ्या बारीक नसा हाडाच्या मानेला चिकटून वर जातात, शेतात सरीला लागून ठिबकच्या नळ्या जाव्यात तशा. मान जागची सरकली की त्या मुरगळतात किंवा तुटतात. रक्त थांबलं की गोळा सुकतो, आणि मग ऐन तिशीत खुबा बदलायची वेळ येते.

म्हणून चीर कुठे आहे आणि किती खोल आहे, यावर सगळं ठरतं. मानेच्या खालच्या, आतल्या बाजूला छोटी चीर असेल तर पायावर भार न देता, वरचेवर तपासत, ऑपरेशनशिवायही ती भरू शकते. वरच्या बाजूची चीर चालताना प्रत्येक पावलागणिक ताणली जाते, ती सरकायचा धोका मोठा. तिथे स्क्रू टाकून हाड जागच्या जागी धरून ठेवणंच शहाणपणाचं. आणि हाड सरकलेलंच असेल तर घाई करावी लागते, तिथे तासातासाला महत्त्व आहे. तुमच्या रिपोर्टचा जो उतारा तुम्ही पाठवला, त्यात चीर वरच्या बाजूची आणि मानेच्या निम्म्याहून जास्त रुंदीची असल्याचं लिहिलं आहे. तुमच्या डॉक्टरांनी केलं ते बरोबर केलं. ते कर्ज उगाच झालेलं नाही, तुमचा स्वतःचा खुबा त्यातून वाचला आहे. तो खरोखर वाचला का, हे बघण्यासाठी पुढची दोन वर्षं डॉक्टर बोलावतील तेव्हा फोटो काढायला जा. दुखत नाही म्हणून ही खेप चुकवू नका, कारण गोळ्याचं सुकणं कधीकधी उशिरा दिसतं.

तालुक्याच्या फोटोत काही दिसलं नाही, याचा राग तुमच्या पत्रात जाणवतो. साध्या एक्स-रेत हाडाचा विरळपणा दिसायला बराच चुना जावा लागतो, साधारण तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त. दुखणं सुरू झाल्यावर पहिले काही आठवडे फोटो साफ येणं हे या आजारात नेहमीचं आहे. केसासारखी चीरही त्यात लपते. एमआरआयमध्ये मगजाची सूज अगदी सुरुवातीपासून दिसते. त्यामुळे फोटो चांगला आला आणि बाई तरीही लंगडतेच आहे, तर फोटोवर नाही, बाईवर विश्वास ठेवायचा.

इथे जरा थांबून बाकीच्या वाचकांशी बोलते, विशेषतः ज्यांच्या घरात लेक किंवा सून गरोदर आहे त्यांच्याशी. गरोदरपणात कंबर दुखणं साधं असतं आणि बहुतेकींचं दुखणं तसंच निघतं. ते पाठीत, माकडहाडाजवळ किंवा ओटीपोटाखाली मधोमध असतं, कूस बदलली, पडून राहिलं तरी त्रास देतं. खुब्याचं दुखणं वेगळं. ते जांघेच्या घडीत असतं, कधी मांडीतून गुडघ्यापर्यंत उतरतं, पायावर भार दिला की उठतं आणि आडवं झालं की बरंचसं शमतं. ती बाजेवर चढताना बघा. एक पाय सहज वर घेते आणि दुसरा दोन्ही हातांनी मांडीखाली धरून उचलून ठेवते का? जीपमध्ये बसतानाही तसंच करते का? साडी नेसताना, सलवारीत पाय घालताना भिंत धरते का? माझ्या टेबलासमोर अशी बाई बसली की मी आधी तिच्या हाताकडे बघते. कुठे दुखतं विचारल्यावर तो पाठीकडे जातो की जांघेकडे, यात अर्धं निदान असतं. डॉक्टरांना नुसतं 'कंबर दुखते' म्हणू नका, बोट ठेवून जागा दाखवा.

पोटात बाळ असताना रंग न टोचता केलेला एमआरआय बाळासाठी सुरक्षित मानला जातो. हाड मोडल्याची शंका असेल तर एक्स-रेही टाळू नये, कारण खुब्याच्या एका फोटोत बाळापर्यंत पोहोचणारा किरणांचा डोस धोक्याच्या पातळीच्या कितीतरी खाली असतो. फोटोच्या भीतीनं मोडलेल्या खुब्यावर चालवणं जास्त घातक. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची डॉक्टरांकडून तपासणी होते, त्या दिवशी हे दुखणं आवर्जून दाखवा. आपल्या भागात छत्रपती संभाजीनगर, नांदेड, लातूर, अंबाजोगाई इथे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. तिथल्या हाडांच्या विभागात आधी जा. खर्च सरकारी आरोग्य योजनेत बसतो का, हे त्या त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. जाताना रेशनकार्ड आणि आधारकार्ड बरोबर ठेवा.

मालीश करणाऱ्या मावशींवर माझा राग नाही. बाळंतिणीच्या अंगाला तेल लागलं की तिला बरं वाटतं, हे मीही मानते. पण पाय टेकवत नसलेल्या बाईचा पाय ओढणं, मुडपणं, जांघेत अंगठ्यानं दाबणं बंद म्हणजे बंद. पाय एकाएकी टेकवेनासा झाला तर तिला उभं करून 'चालून बघ' म्हणू नका. आडवी ठेवा, पाय आहे तसाच उशांच्या आधारानं राहू द्या आणि १०८ ला फोन करा. संध्याकाळी कणकण येत असेल, वजन उतरत असेल, रात्री झोपेतून उठवण्याइतकं दुखत असेल, तर खुब्याचा क्षयरोगही तपासावा लागतो. तो आपल्याकडे आहे आणि त्याचा उपचार अगदी निराळा आहे.

परत तुमच्याकडे येते. दूध तोडायचं का? नुसत्या खुब्याच्या तात्पुरत्या ठिसूळपणासाठी सहसा तोडावं लागत नाही. अंगावर पाजणाऱ्या प्रत्येकच बाईच्या हाडातून थोडा चुना जातो, साधारण ३ ते ७ टक्के घनता उतरते, आणि पाजणं थांबल्यावर पुढच्या काही महिन्यांत ती भरून येते. तुम्ही एकट्याच झिजताय असं नाही. पण एका गोष्टीची खात्री करून घ्या. काही थोड्या बायकांत ठिसूळपणा खुब्यापुरता नसतो, पाठीच्या मणक्यांतही असतो आणि मणके दबतात. पाठीच्या मधोमध दुखतं का, उंची कमी झाल्यासारखी वाटते का, हे डॉक्टरांना सांगा आणि मणक्याची डेक्सा, म्हणजे हाडाची घनता मोजणारी तपासणी करून घ्या. त्यात घनता फारच कमी आली तर डॉक्टर पाजणं कमी करायला किंवा थांबवायला सांगू शकतात, आणि तेव्हा त्यांचं ऐका. रिपोर्ट हातात नसताना, घरातल्या एका वाक्यावर, चार महिन्यांच्या लेकराचं दूध तोडू नका. त्याला सहा महिने पुरे होईपर्यंत तेच त्याचं जेवण आहे.

सासूबाईंना तुमच्या हाडांची काळजी असेल तर ती काळजी तुमच्या ताटात पडू द्या. पाजणाऱ्या बाईला दिवसाला १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. दोन ग्लास दुधातून त्यातला निम्मा वाटा मिळतो. घरची म्हैस आहे आणि सगळं दूध डेअरीला जातं, असं तुम्हीच लिहिलंय. त्यातले दोन ग्लास घरात राहू देत. भाकरीबरोबर तिळाची चटणी, शेवग्याच्या पाल्याची भाजी, राजगिरा, ताक. डिंकाचे लाडू खुशाल खा, पण त्यांनी मोडलेलं हाड सांधतं, या भरवशावर राहू नका. गरोदरपणी आशाताईंनी दिलेल्या कॅल्शियमच्या गोळ्या पिशवीत तशाच पडल्या असतील तर काढा. बाळाला सहा महिने होईपर्यंत रोज दोन घ्यायच्या असतात. लोहाच्या गोळीबरोबर घेऊ नका, मध्ये दोन तास जाऊ द्या. नाहीतर कॅल्शियम लोहाला अंगी लागू देत नाही. 'ड' जीवनसत्त्व मोजून घ्या आणि डॉक्टर सांगतील तेवढंच घ्या. गावातल्या दवाखान्यात दर महिन्याला टोचलं जाणारं 'डी'चं मोठं इंजेक्शन मोजल्याशिवाय पुन्हा पुन्हा घेणं चांगलं नाही. सांधेदुखीच्या बिननावाच्या पुड्यांना हातही लावू नका. त्यांत पुष्कळदा स्टेरॉइड असतं, आणि स्टेरॉइडनं हाड विरळ होतं, खुब्याचा गोळाही सुकतो.

हाड लवकर भरावं म्हणून कुणी वर्षातून एकदा सलाइनमधून द्यायचं हाडांचं औषध सुचवलं, तर 'मला अजून एक मूल हवं असेल' हे आधी सांगा. ते औषध हाडात वर्षानुवर्षं राहतं. मूल होऊ द्यायच्या वयात ते विचारपूर्वकच द्यायचं असतं, आणि या आजारात बहुतेकींचं हाड त्याच्याशिवायच भरतं.

सासरी परत कधी जायचं? उजव्या खुब्याचा रिपोर्ट आल्यावर. जाण्याआधी तिथे कमोडची खुर्ची पोहोचलेली असू द्या. मोरीत आणि संडासात धरायला भिंतीला लोखंडी कडी बसवा, तुमच्या उंचीची बाज किंवा पलंग तयार ठेवा. चारही पायांखाली विटा घालून बाज उंच करून घेतली तरी चालते. हापशावरून पाणी आणणं, उकिडवं बसून भांडी घासणं, धुण्याची बादली उचलणं, कापूस वेचायला वाकणं, हे डॉक्टर हो म्हणेपर्यंत नाही. काठी उजव्या हातात धरायची, डाव्या पायाच्या उलट बाजूला. बऱ्याच जणी दुखऱ्या पायाच्याच बाजूला धरतात. हे सगळं पत्रातून सासरी कळवू नका. पुढच्या तपासणीला नवऱ्याला आणि सासूबाईंना दोघांनाही बरोबर न्या आणि डॉक्टरांना त्यांच्यासमोर विचारा, हिनं कोणतं काम करायचं नाही? आपल्याकडे सुनेनं मागितलेली विश्रांती आणि डॉक्टरांनी लिहून दिलेली विश्रांती यांना घरात वेगवेगळा मान असतो. ते मला आवडत नाही, पण आज तुम्हाला उपयोगी पडणार असेल तर वापरा.

नवरा दुसऱ्या मुलाबद्दल बोलत नाही, याचा अर्थ तुम्ही 'नको' असा लावला आहे. त्याला विचारलंत का? ऑपरेशनच्या रात्री रुग्णालयाच्या पायऱ्यांवर तो एकटाच बसला होता, असं तुम्हीच लिहिलं आहे. त्याला पुन्हा ती रात्र येण्याची भीती वाटत असेल, हीदेखील शक्यता धरा.

दुसरं मूल होऊ शकतं. त्यासाठी वैद्यकीय मनाई नाही, मात्र पुढच्या गरोदरपणात हा आजार पुन्हा होऊ शकतो, त्याच बाजूला किंवा दुसऱ्या. म्हणून आधी दोन्ही खुबे पूर्ण बरे होऊ द्या, पाजणं संपून काही महिने जाऊ द्या, डेक्सा पुन्हा करा. मग दोघं मिळून ठरवा. तोवर पाळी सुरू झाली नसली तरी दिवस जाऊ शकतात, तेव्हा आशाताईंकडून किंवा डॉक्टरांकडून साधनाची सोय करून घ्या. 'डीएमपीए'चं तीन महिन्यांचं इंजेक्शन तेवढं टाळा, त्यानंही हाडाची घनता थोडी उतरते. तांबी तुम्हाला बरी पडेल. आणि दिवस राहिले की पहिल्याच तपासणीला एमआरआयची प्लेट, ऑपरेशनचा कागद आणि डेक्साचा रिपोर्ट एका पिशवीत घालून न्या. जांघेत कळ आली तर महिना कोणताही असो, त्याच दिवशी वॉकर घ्या आणि त्याच आठवड्यात हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. बाळंतपण कसं आणि कुठे करायचं, हे त्यांनी आणि स्त्रीरोगतज्ज्ञांनी सातव्या महिन्यापर्यंत एकमेकांशी बोलून ठरवलेलं असावं. ते दोघं जिथे एकाच छताखाली भेटतील, असंच रुग्णालय निवडा.